जाऊ का थांबू? : २ मे २००९च्या रात्रीचं एक प्रकरण

आमच्याकडे फुटबॉलचा सामना सुरू झाला की मैदानाबाहेरून सगळ्यात जास्त ऐकू येणारी हाक म्हणजे ‘अरे, सुट की!’ फॉरवर्डच्या पाठीला स्टॉपर, म्हणजे समोरचा मधला बचावपटू, चिकटलेला असतो. एक हात कमरेवर, गुडघा मांडीमागे. आणि बाहेर उभा असलेला कोच, राखीव पोरं, कुणाचा तरी मामा, सगळे एका सुरात त्याला सुटायला सांगत असतात. कसं सुटायचं ते कुणी सांगत नाही. मीही कित्येक वर्षं हेच ओरडलो. पोरगं बिचारं जीव तोडून पळायचं, त्याला धरून असलेला मार्करही तितकाच पळायचा, आणि विसाव्या मिनिटाला दोघंही कमरेवर हात ठेवून उभे. फरक इतकाच की मार्करचं काम झालेलं असायचं.

मार्किंगमधून सुटणं हा पळण्याचा विषय आहे ही समजूत माझ्या डोक्यातून गेली ती एका सामन्यामुळे. तो सामना मी पोरांना इतक्या वेळा दाखवलाय की काही जणांना गोलांची मिनिटं पाठ झालीत. त्याच सामन्याची ही चिरफाड. नेहमीची कौतुकाची गोष्ट बाजूला ठेवून, कोचच्या नजरेतून.

अडचण

२००८-०९ हा पेप ग्वार्दिओला यांचा बार्सिलोनाच्या मुख्य संघाचे कोच म्हणून पहिला हंगाम. २ मे २००९ला माद्रिदच्या सांतियागो बर्नाबेउ मैदानावर रेआल माद्रिदशी गाठ. स्पेनच्या लीगमध्ये बार्सिलोना चार गुणांनी पुढे, हा सामना धरून पाच सामने बाकी. रेआल मागून सुसाट येत होतं: आधीच्या १८ लीग सामन्यांत १७ विजय आणि एक बरोबरी. म्हणजे तो दिवस हरला असता तर बार्सिलोनाच्या मानेवर श्वास जाणवला असता.

बार्सिलोनाचा मेस्सी तेव्हा २१ वर्षांचा. खेळायचा उजव्या बगलेवर, डाव्या पायाने बॉल घेऊन आत शिरायचा. तो काय करतो ते तोवर सगळ्या युरोपला माहीत झालं होतं आणि त्यावरचं औषधही. लेफ्ट बॅक अंगाला अंग लावून, त्याच्या आतल्या बाजूला मदतीला एक मिडफिल्डर, आणि तिसरी मार्कर ही टचलाइन, मैदानाच्या कडेची रेघ. ती दमत नाही आणि तिला कार्डही मिळत नाही.

चारच दिवस आधी, २८ एप्रिलला, चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत चेल्सीने कॅम्प नोऊवर हेच केलं होतं. त्यांचा नेहमीचा लेफ्ट बॅक अ‍ॅश्ली कोल निलंबित. म्हणून त्यांनी उजव्या बाजूचा, उजव्या पायाचा बोसिंग्वा डावीकडे लावला. वरवर पाहता ही नाइलाजाची तडजोड. पण मेस्सी आत वळला की सरळ बोसिंग्वाच्या चांगल्या पायावर येत होता. सामना ०-० सुटला. नाइलाजातून कधीकधी अशी बरी युक्ती निघते. पुढे किती कोचनी ती मुद्दाम वापरली असेल कोण जाणे.

आता बर्नाबेउवर मेस्सीसमोर रेआलचा लेफ्ट बॅक हाइन्झे आणि त्याच्या पुढे मार्सेलो असणार होते. नेहमीच्या जागेवर मेस्सी गेला की दोघं आणि टचलाइन, तिघांत अडकणार हे उघड होतं.

मोकळा पट्टा

आदल्या रात्री ग्वार्दिओला रेआलच्या खेळाचे व्हिडिओ बघत बसले होते. त्यांच्या लक्षात आलं की रेआलचे मधले खेळाडू बॉल हिसकावायला पुढे चालून येतात, पण दोघं स्टॉपर, फाबिओ कान्नावारो आणि ख्रिस्टोफ मेत्सेल्डर, त्यांच्यासोबत वर सरकत नाहीत. ते गोली कासियासच्या जवळच राहतात. मधल्या फळीची पाठ आणि स्टॉपरची छाती यांच्या मधे मोठा पट्टा रिकामा पडतो. रात्री दहाच्या सुमाराला त्यांनी मेस्सीला बोलावून घेतलं, पडद्यावर तो पट्टा दाखवला आणि उद्या इथे खेळायचंय असं सांगितलं. शावी आणि इनिएस्ता या मिडफिल्डरना हे कळलं सामन्याच्या थोडं आधी.

स्टॉपर मागे का राहायचे हेही समजून घेतलं पाहिजे, नाहीतर ते मूर्ख होते असं वाटेल. कान्नावारो ३५ वर्षांचा. २००६चा विश्वचषक उंचावणारा इटलीचा कर्णधार, त्याच वर्षीचा बालोन द’ओर विजेता. त्याला जागेची अक्कल शिकवायची गरज नव्हती. पण समोर एटो आणि हेन्री हे बार्सिलोनाचे दुसरे दोन फॉरवर्ड असताना ३५व्या वर्षी पाठीमागे ४० मीटर मोकळं सोडून वर कोण येईल? मीही आलो नसतो. आपापल्या जागी मिडफिल्डरही बरोबर होते, स्टॉपरही बरोबर होते. दोघांच्या बरोबर वागण्यातून मधला पट्टा तयार होत होता, आणि म्हणून तो हाफटाइमला एक वाक्य बोलून बुजवता येण्यासारखा नव्हता.

सुरुवातीची दहाएक मिनिटं बार्सिलोना नेहमीसारखं खेळलं: मेस्सी उजवीकडे, एटो मधे, हेन्री डावीकडे. मग बाकावरून खूण झाली आणि मेस्सी व एटो यांनी जागा बदलल्या. कागदावर आता मेस्सी सेंटर फॉरवर्ड. पण सेंटर फॉरवर्ड उभा राहतो तिथे तो उभाच राहिला नाही. स्टॉपरपासून दूर, खाली, त्या पट्ट्यात येऊन थांबला.

गंमत म्हणजे यानंतर पहिला गोल रेआलने केला. १४व्या मिनिटाला राइट बॅक रामोसचा क्रॉस, हिग्वेनचं हेडर. डाव बदलला आणि लगेच फळ मिळालं असं होत नाही. हे मी पोरांना मुद्दाम थांबवून दाखवतो, कारण आमच्याकडे एक गोल खाल्ला की नवी आखणी गुंडाळून लांब बॉल मारायला सुरुवात होते.

स्टॉपरचा पेच

१८व्या मिनिटाला मेस्सी पट्ट्यात बॉल घेऊन उभा, तोंड गोलकडे. व्हिडिओ इथे थांबवायचा आणि बॉलकडे न बघता स्टॉपरचे पाय बघायचे. पुढे जायचं की नाही या विचारात ते जागच्या जागी वजन बदलत असतात. तेवढ्यात हेन्री डावीकडून रामोसच्या मागून आत निघतो, मेस्सी बचावफळीवरून अलगद बॉल उचलून देतो, हेन्री गोल करतो. १-१.

नंतर मेत्सेल्डरने सांगितलं की तो आणि कान्नावारो एकमेकांकडे बघत होते. मेस्सीच्या मागे मधल्या फळीपर्यंत जायचं की मागे थांबायचं, दोघांनाही कळत नव्हतं.

कळणं शक्यही नव्हतं. रेआलच्या मध्यभागी गागो आणि लास दियारा हे दोघंच. समोर शावी, इनिएस्ता, तूरे, आणि आता मेस्सी. चारास दोन. स्टॉपर थांबला तर मेस्सीला कुणी नाही. तो वळतो, बघतो, पास देतो किंवा स्वतः निघतो. स्टॉपर गेला तर त्याच्या मागे दरवाजा उघडा, आणि दोन्ही बाजूंना हेन्री आणि एटो त्याच दरवाजाकडे डोळे लावून उभे. उजवा-डावा बॅक आत सरकून भोक बुजवेल म्हणावं, तर ते त्या दोघांनी टचलाइनपाशी अडकवून ठेवलेले.

इथे आपल्या कामाची गोष्ट आहे, म्हणून जरा रेंगाळतो. त्या रात्री मार्करपासून सुटला मेस्सी, पण त्याला सोडवलं एटो आणि हेन्रीने. एटो हाडाचा सेंटर फॉरवर्ड. त्या हंगामात त्याचे एकूण ३६ गोल, मेस्सीचे ३८, हेन्रीचे २६. तिघांचे मिळून बरोबर १००. अशा माणसाला कोच सांगतो, ‘तू आज बाजूला उभा राहा, तुझी जागा या पोराला दे.’ आणि तो राहतो. त्याच्या पायात बॉल फारसा येत नाही तरी राहतो. तो कंटाळून आत आला असता तर हाइन्झेही आत आला असता, पट्टा गर्दीने भरला असता आणि मेत्सेल्डरचा पेच आपोआप सुटला असता. एटोने त्या उन्हाळ्यात क्लब सोडला, तो इब्राहिमोविचच्या अदलाबदलीत इंटर मिलानला गेला. कारणं बरीच होती, पण त्याच्याबद्दल मला अजून हळहळ वाटते.

सामना २-६ संपला, बार्सिलोनाचे सहा. शावीच्या नावावर चार असिस्ट, म्हणजे गोलाआधीचे पास. पण सहाही गोल या युक्तीच्या खात्यात टाकणं खोटेपणा होईल. २०व्या मिनिटाचा पुयोलचा गोल फ्री किकवर हेडरने आलेला. ३६व्या मिनिटाला शावीने लास दियाराच्या पायातून बॉल काढून मेस्सीला दिला, तो प्रेसिंगचा गोल. ८३व्या मिनिटाला पिके, एक स्टॉपर, दुसऱ्या टोकाच्या पेनल्टी बॉक्समध्ये पोचून गोल करतो. तोवर रेआल मोडलेलं होतं. माझ्या हिशेबाने जागाबदलाची थेट कमाई तीन गोलांची: हेन्रीचा पहिला, ५८व्या मिनिटाला शावीच्या थ्रूवर हेन्रीनेच कासियासच्या आधी बॉल गाठून केलेला दुसरा, आणि ७५व्या मिनिटाला शावी स्वतःभोवती गिरकी घेऊन मेस्सीला बॉल सरकवतो तो. रेआलने मधे ५६व्या मिनिटाला रामोसच्या हेडरवर २-३ केलं होतं, हेही विसरू नये. दोन मिनिटांत हेन्रीने उत्तर दिलं म्हणून ते आज कुणाला आठवत नाही.

युक्ती नवी होती का? नाही. २५ नोव्हेंबर १९५३ला वेम्ब्लीवर हंगेरीने इंग्लंडला ६-३ हरवलं तेव्हा नांदोर हिदेगकुती पाठीवर ९ नंबर घालून असाच खाली येऊन खेळला आणि तीन गोल करून गेला. इंग्लंडचा सेंटर हाफ, म्हणजे स्टॉपर, हॅरी जॉन्स्टन ९ नंबरला धरायचं एवढंच शिकून आलेला. त्याच्यापुढेही प्रश्न हाच: जाऊ का थांबू?

२७ मेला रोममध्ये चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध तीच मांडणी दिसली. मेस्सी मधे, एटो उजवीकडे. १०व्या मिनिटाला एटो उजवीकडून आत शिरला, युनायटेडचा स्टॉपर विदिचला चुकवून गोल. पण कोच म्हणून मला ७०व्या मिनिटाचा गोल जास्त आवडतो. दिवसभर खाली येणारा मेस्सी या वेळी वर गेला, स्टॉपरच्या मागे जाऊन उभा राहिला, आणि शावीच्या क्रॉसवर पावणेसहा फूटही उंची नसलेल्या त्या पोराने दुसरा स्टॉपर फर्डिनांडच्या पाठीमागे हेडर मारलं. तासभर खाली खाली येत राहिल्यामुळे तो वर येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

आमच्या मैदानावर

हे सगळं बघून मी आमच्या सोळा वर्षांखालच्या पोरांना पहिल्या दिवशी काय सांगितलं असेल? ‘खाली ये.’ आमचा फॉरवर्ड खाली आला. बॉल घेतला. वळला नाही, ज्याने दिला त्यालाच परत दिला. वर कुणीच नाही, कारण दोन्ही विंगर, म्हणजे बगलांवरचे फॉरवर्ड, त्याला बघायला आत आलेले. पट्ट्यात आमचीच सहा पोरं. पेठेतल्या रविवारच्या बाजारात असते तेवढी गर्दी.

चूक माझी होती. मी एकट्या फॉरवर्डला शिकवत होतो.

मग अर्ध्या मैदानावर फक्कीच्या दोन आडव्या रेघा मारल्या, मधे बारा पावलांचा पट्टा. पट्ट्याच्या खाली आमचे तीन मिडफिल्डर, त्यांच्यासमोर दोन विरोधी. पट्ट्यात आमचा फॉरवर्ड. वर दोन स्टॉपर, दोन बॅक आणि गोली. आमच्या विंगरच्या पायाशी टचलाइनलगत प्रत्येकी एक कोन ठेवला आणि नियम केला: फॉरवर्डला बॉल मिळेपर्यंत कोनापासून हलायचं नाही. पहिला आठवडा स्टॉपरला पट्ट्यात यायला बंदी. का, तर पोराला आधी वळायची सवय लागावी. मोकळी जागा मिळूनही आमची पोरं वळत नव्हती. पाठीवर कुणीतरी आहेच या भीतीनेच बॉल परत जायचा.

त्यासाठी बघायला शिकवावं लागतं. मी फॉरवर्डच्या मागे उभा राहून बोटं वर करायचो आणि बॉलला पहिला टच करायच्या आत त्याने आकडा ओरडायचा. सुरुवातीला पोरं अंदाजे ‘तीन!’ ठोकून द्यायची, म्हणून मी मूठच वर धरायला लागलो. पंधरा दिवसांनी एकजण बॉल येण्याआधी दोनदा मान फिरवू लागला, आणि त्याच दिवशी त्याचं उभं राहणं बदललं. बॉलकडे छाती करून उभं राहणारं पोरगं आडवं उभं राहायला लागलं, लांबच्या पायावर बॉल घ्यायला लागलं. हे मी त्याला सांगितलंच नव्हतं. मागचं दिसायला लागल्यावर शरीर आपोआप उघडलं.

दुसरी गोष्ट वेळेची. पोरं लवकर निघतात. बॉल अजून पासरच्या पायात नीट बसलेला नसतो आणि हा खाली येऊन हात पसरून उभा. तोवर मार्करही मागोमाग पोचलेला. खूण साधी ठेवली: पासरची मान वर झाली की निघायचं. आणि निघायच्या आधी दोन पावलं उलट, थेट स्टॉपरच्या अंगावर, जणू त्याच्या मागे पळणार. स्टॉपर पाठ राखायला एक पाऊल मागे घेतोच. ते पाऊल आणि तुझी परतीची दोन पावलं मिळून तीन-चार मीटर झाले. सोळा वर्षांच्या पोराला वळायला तेवढं पुरतं.

दुसऱ्या आठवड्यात स्टॉपरची बंदी उठवली. आता फॉरवर्डला ठरवायचं होतं, आणि ठरवायचं डोळ्यांनी नाही, पाठीने. पाठीला हात लागला तर वळायच्या भानगडीत पडायचं नाही. एका टचमध्ये बॉल मिडफिल्डरला परत, आणि तिसरा गडी, म्हणजे विंगर, स्टॉपरने सोडलेल्या भोकात. हात लागला नाही तर वळ. हे कळायला सोपं आणि अंगात भिनायला अवघड. विंगर दर वेळी उशिरा निघायचा, कारण तो बॉल बघत बसायचा. त्याला सांगितलं, बॉल बघू नको, स्टॉपरची टाच बघ. टाच उचलली की पळ.

एका संध्याकाळी हे तीन-चार वेळा सलग जमलं. मग आमचा स्टॉपर, अंगाने दांडगा आणि स्वभावाने तापट, थांबला आणि माझ्याकडे वळून वैतागून म्हणाला, ‘सर, एकदा काय ते सांगा. जाऊ का थांबू?’ मी हसलो. त्याला ते अजिबात आवडलं नाही.

पण त्याला उत्तर द्यायला हवं होतं, तोही आमचाच पोरगा. खरं उत्तर असं की दोन स्टॉपरनी मिळून हा पेच सुटत नाही, तिसरा माणूस पट्ट्यात आणावा लागतो. जोझे मोरिन्यो यांनी २०११च्या एप्रिलमध्ये रेआलकडून तेच केलं. आधीच्या नोव्हेंबरमध्ये बार्सिलोनाकडून ५-० खाल्ल्यावर त्यांनी पेपेला, मूळच्या स्टॉपरला, मधल्या फळीत उभं केलं. १६ एप्रिलला लीगमध्ये १-१, २० एप्रिलला कोपा देल रे या स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत १-० विजय. २७ एप्रिलला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात बर्नाबेउवर तासभर ०-०. ६१व्या मिनिटाला पेपेला लाल कार्ड मिळालं. ७६व्या मिनिटाला मेस्सीचा गोल. ८७व्या मिनिटाला त्याने बॉल बुस्केत्सकडे सरकवला, त्याच्या पायातून परत घेतला आणि रिकाम्या झालेल्या मध्यातून सगळ्यांना मागे टाकत उजव्या पायाने दुसरा केला.

आमच्या स्टॉपरला मी हा सामना दाखवला. पुढच्या रविवारी सरावाला तो आपल्या बाजूचा एक चिवट, बुटका पोरगा घेऊन आला आणि त्याला फक्कीच्या पट्ट्यात उभा केला. आमचा फॉरवर्ड खाली आला की त्याच्या पुढ्यात हा, पाठीशी तो. अर्धा तास आमचं काही चाललं नाही. मग फॉरवर्डला मी वरच ठेवला, दोन्ही स्टॉपरच्या मधोमध, हलायचंच नाही असं सांगून. आणि खाली यायला लावलं डाव्या विंगरला. बुटका त्याच्यामागे धावला, बॅकही धावला, डावी बाजू ओस पडली. पहिला बॉल तिथे गेला तेव्हा धावायला कुणीच नव्हतं, कारण आमच्या लेफ्ट बॅकला वर यायचं असतं हे मी त्याला सांगायलाच विसरलो होतो. सध्या त्याच्यावर काम चालू आहे.